तापरावांचं नाव

बोरखडीच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली गावात गाठीचा ताप आला. काखेत गाठ उठायची आणि धडधाकट माणूस चार दिवसांत जायचं. त्या दुखण्याचं नाव कुणी तोंडातून काढत नसे. नाव घेतलं की ते ओ देतं आणि उंबऱ्याच्या आत येतं, असं म्हणत.

गावाबाहेर माळावर मिशनवाल्यांनी आजाऱ्यांसाठी छपरं घातली होती. बायकांच्या छपरात दिबोराबाई नावाची ख्रिस्ती नर्स होती. ती गाठी धुवायची, पेज भरवायची, गेलेल्या बाईला लेकीसारखी आंघोळ घालायची. गजराबाईची लेक हौसा तिथंच पडून होती. आठ दिवस पोरीनं ना डोळा उघडला होता, ना शब्द काढला होता.

आणि मग भर दुपारी, सावली पायाशी येते त्या वेळेला, माळावरून हसू ऐकू येऊ लागलं. दहा-बारा बायका खळखळून हसायच्या. मरणाच्या दारातली माणसं हसतात होय? गाव चरकलं. छपरात हडळी शिरल्यात, असं पाटलानं ठरवलं. त्यानं दवंडी दिली: उद्या बाराला छप्पर पेटवायचं, ज्याचं माणूस असेल त्यानं आधी उचलून न्यावं.

दुसऱ्या दिवशी गजराबाई घोंगडी घेऊन निघाली. छपराशी पोचली, तोच आतून हसू फुटलं. तिनं कुडाच्या फटीला डोळा लावला.

आत बायका खाटांवर उठून टेकल्या होत्या आणि चक्क उखाणे घेत होत्या. एक म्हातारी थरथरत म्हणाली, “चुलीवर तवा, तव्यावर भाकर, गाठरावांचं नाव घेते, मी नाही त्यांची चाकर.” बायका हसून हसून खोकू लागल्या.

दिबोराबाई म्हणाली, “नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता, तेव्हा उखाण्यातच घेता ना? मग याचंही तसंच घ्यायचं. चल हौसा, तुझी पाळी.”

हौसाचे ओठ हलले.

“डोंगरामागं डोंगर, तिथं चरतो घोडा, तापरावांचं नाव घेते, आता मला सोडा.”

आणि पोर हसली. गजराबाईनं पदर तोंडात कोंबला.

पुढची पाळी कोपऱ्यातल्या खाटेची. तिथून बारीक आवाज आला, “नदीपल्याड भरली पाखरांची मांदी, तापराव उडून गेले, मोकळी झाली फांदी.” पुन्हा सगळ्या हसल्या. गजराबाईनं मान वळवून पाहिलं. खाटेवर नुसती घडी घातलेली चादर होती. तिथली यमुना पहाटेच गेली होती.

ती धडपडत आत शिरली. कोण बोललं ते, म्हणून तिनं विचारलं. दिबोराबाई चादर सारखी करत म्हणाली, “जिची पाळी होती, ती.”

तेवढ्यात पलिते घेऊन पाटील आला. गजराबाई दारात आडवी बसली.

“वहिनी, उठा. आत काय हसतंय, ठाऊक आहे का?”

“माझी लेक हसतीय, भावजी. पेटवायचं तर आधी माझं लुगडं पेटवा.”

आतून हौसानं पाणी मागितलं. तो आवाज ओळखीचा होता, माणसाचा होता. पाटलानं पलिता मातीत खुपसला.

हौसा वाचली. पण पावसाळ्याच्या तोंडाला दिबोराबाईच्याच काखेत गाठ उठली. तिनं पाळी कधी घेतली नव्हती. बाई, तुमच्या धन्याचं नाव कधी घेणार, असं बायका चिडवायच्या, तेव्हा ती म्हणायची, सगळ्यांचं झालं की. ती गेली त्या दिवशी छप्पर रिकामं होतं. तरी दुपारी तिथून एक उखाणा ऐकू आला आणि मागोमाग पुष्कळ बायका हसल्या, असं म्हणतात. ख्रिस्ती आळीतल्या म्हणतात, तिनं प्रभूचं नाव घेतलं. बाकीच्या म्हणतात, हौसाचं घेतलं. गजराबाईनं ऐकलं होतं, पण तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.

बोरखडीत अजूनही कुणी अंथरुणाला खिळलं की आळीतल्या बायका भर दुपारी जमतात आणि आजाऱ्याला दुखण्याचं नाव घ्यायला लावतात. जात कुणी विचारत नाही. उठण्याआधी दिबोराबाईच्या नावानं घटकाभर सगळ्या गप्प बसतात. तेव्हा घरात कुणी हसलंच, तर कोण ते शोधायचं नाही.