बाहेरून लावलेली कडी

“मग माझी आई खोटं बोलते का, स्वामी?”

रेवणसिद्ध स्वामी मठाच्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“काय म्हणते आई?”

“मला उपाशी ठेवतात म्हणते. फोनवर म्हणाली. आता समोर बसलो, तरी तेच म्हणाली.”

“आणि सून?”

“सून म्हणते, अव्वांना जेवलेलं आठवत नाही.” मन्मथ हसला. “असं म्हणणं सोपं आहे ना?”

मन्मथ कोरे पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. दुसऱ्यांच्या कामातल्या लबाड्या शोधून काढायच्या, हीच त्याची नोकरी. त्याची म्हातारी आई, अव्वा, गावी धाकट्या भावाच्या घरी राहायची. भाऊ इरण्णा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरी क्वचितच असायचा. घरात दोघीच. अव्वा, आणि इरण्णाची बायको सुवर्णा.

कोऱ्यांचं घर मठाला मानणारं. स्वामींनी दटावलं तर सुवर्णा सरळ होईल, असा मन्मथचा हिशेब होता.

“आणखी एक आहे,” तो पुढे सरकून म्हणाला. “अव्वाच्या खोलीला बाहेरून कडी लावलीय. माझ्या आईला कोंडतात, स्वामी.”

“का, ते विचारलंस?”

“विचारलं. म्हणाली, अव्वा पहाटे उठून विहिरीकडे जातात. मी शेजारीपाजारी चौकशी केली. अव्वाला विहिरीवर कुणीच पाहिलेलं नाही.”

“कडी लावल्यावर कसं दिसेल?”

मन्मथला हे उत्तर आवडलं नाही.

स्वामींचा शिष्य चन्नवीर वाटी घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेला, खांदे उतरलेला माणूस. त्याने स्वामींच्या छातीवर पंचा पसरला आणि ताकातल्या कण्या चमच्याने भरवू लागला. स्वामी सावकाश गिळत होते. हनुवटीवर ओघळलं, की चन्नवीर पंच्याच्या टोकाने पुसायचा.

मन्मथ समोर बसून पाहत होता. वाटी रिकामी झाली. चन्नवीर ती घेऊन आत गेला.

थोड्या वेळाने शेजारच्या गावची एक बाई नारळ घेऊन आली. पाया पडली.

“जेवण झालं का, स्वामी?”

“कसलं जेवण?” स्वामी म्हणाले. “कालपासून कुणी विचारलं नाही.”

बाईचा चेहरा बदलला. चन्नवीर दारात आला होता. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“काय हो? म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवता?”

चन्नवीर म्हणाला, “आणतो.”

“आणतो काय? आम्ही धान्य देतो ते जातं कुठं?”

मन्मथला राहवलं नाही. “अहो, स्वामी आत्ताच जेवले. माझ्या डोळ्यांदेखत.”

बाई त्याच्याकडे वळली. “तुम्ही कोण?”

“मी… भेटायला आलोय.”

“बरे आलात नेमके.” तिने पुन्हा चन्नवीरकडे पाहिलं, मग मन्मथकडे. “ह्यांचे पाहुणे का तुम्ही?”

लोकांना प्रश्न विचारण्यात मन्मथची हयात गेली होती. त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

बाई पुटपुटत निघून गेली. चन्नवीरने अर्धी वाटी कण्या पुन्हा आणल्या. स्वामींनी दोन चमचे खाल्ले आणि तोंड फिरवलं.

मन्मथ खाली वाकला. “स्वामी… हे तुम्ही मला दाखवायला केलंत ना?”

“काय केलं?”

“म्हणजे सुवर्णाचं खरं आहे, असं तुम्हाला सांगायचंय.”

“कोण सुवर्णा?” स्वामी म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

मठामागे चन्नवीर लाकडं फोडत होता. मन्मथ तिथे गेला.

“स्वामी खरंच विसरतात, की मुद्दाम करतात?”

चन्नवीरने कुऱ्हाड टेकवली. “मी विचारत नाही.”

“ती बाई गावभर सांगेल तुमच्याबद्दल.”

“सांगते.”

“राग नाही येत?”

“येतो की.”

“मग?”

चन्नवीरने ढलप्यांच्या ढिगाकडे पाहिलं. “स्वयंपाकाला एवढी लाकडं लागत नाहीत आम्हाला.”

त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली.

गावाकडे परतताना मन्मथच्या मनात वेगळंच घोळू लागलं. सुवर्णा अमावास्येला मठात शिधा पाठवते. ती आधीच येऊन स्वामींच्या कानाला लागली असेल. वाटी, बाई, लाकडं, सगळं ठरवून झालं असेल. एवढा नेमका योगायोग त्याने आजवर कुठल्या चौकशीत पाहिला नव्हता.

घरी पोचल्या पोचल्या त्याने पेचकस मागितला आणि अव्वाच्या खोलीची कडी उचकटून काढली.

सुवर्णा पदराला हात पुसत उभी होती. “भाऊजी, नका काढू. हात जोडते.”

“का? कशाची भीती वाटते तुला?”

ती खिळ्यांची भोकं बघत राहिली.

अव्वा रात्रभर शांत झोपली. दुसऱ्या रात्रीही. सकाळी चहा पिताना मन्मथ म्हणाला, “कुठं गेली अव्वा? विहिरीवर?”

सुवर्णाने रिकामा कप उचलला. तिचे डोळे सुजलेले होते. ती दोन्ही रात्री अव्वाच्या उंबऱ्यात बसून होती, हे त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या पहाटे तिचा डोळा लागला.

मन्मथ जागा झाला तो तिच्या हाकेने. “अव्वाऽऽ!” अंगणातून, मग गोठ्याकडून, मग दुरून. तो अनवाणी धावला.

विहिरीला कठडा नव्हता. अव्वा काठाच्या दगडावर बसली होती, पाय आत सोडून. सुवर्णा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. तिने मन्मथला हाताने जागीच रोखलं.

“काय करता अव्वा?” तिने हळूच विचारलं, रोजच्या आवाजात.

“आई पाणी न्यायला आलीय माझी. वाट बघते.”

“मी पण बघते. बसू का जवळ?”

“बस की.”

सुवर्णा बसली. अव्वाच्या कमरेभोवती तिने हात टाकला, आणि मग दोघी एकदम मागे मातीत पडल्या. अव्वा ओरडली. तिने सुवर्णाच्या तोंडावर चापट मारली, पुन्हा मारली. सुवर्णाने मिठी सोडली नाही.

मन्मथ तिथेच गुडघ्यांवर बसला.

आवाज ऐकून माणसं जमली. शेजारची काशव्वा पुढे झाली.

“कुणी सोडलं गं म्हातारीला?”

सगळ्या नजरा सुवर्णाकडे गेल्या. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

“मी,” मन्मथ म्हणाला. “कडी मी काढली. ती नको म्हणत होती.”

काशव्वाने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. “तुम्ही देवमाणूस. घरची अब्रू झाकता.” मग सुवर्णाकडे वळून म्हणाली, “पोटचं लेकरू आलं म्हणून वाचली बाई म्हातारी.”

“अहो, मी सांगतोय ना! मीच काढली! आणि हिनेच ओढलं अव्वाला!”

माणसांनी माना डोलावल्या. कुणाचाही विश्वास बसला नव्हता, हे त्याला दिसत होतं.

सुवर्णाने अव्वाच्या लुगड्याची माती झटकली. “चला अव्वा, चहा घेऊ.”

त्या दिवशी मन्मथने कडी पुन्हा ठोकली. हातोडी दोनदा बोटावर बसली.

मग त्याने रजा वाढवली. अव्वाला आंघोळ कशी घालायची, ते सुवर्णाने दाखवलं. आधी पायांवर पाणी, मग पाठीवर, डोक्यावर शेवटी. नाहीतर ती घाबरते. गोळी गुळाच्या खड्यात दाबून द्यायची. लुगडं बदलताना गाणं म्हणायचं. मन्मथला गाणं येत नव्हतं. तो पाढे म्हणायचा. अव्वाला ते चालायचं.

एका दुपारी त्याने सुवर्णाला विचारलं, “माहेरी कधी गेली होतीस?”

ती आठवत राहिली. “वडील गेले तेव्हा,” असं म्हणाली, आणि एकाएकी तिला रडू फुटलं.

त्याने तिची पिशवी एसटीत ठेवली.

त्यानंतर दोन दिवसांनी तो मठात आला. अव्वाजवळ तासभर इरण्णाला बसवून आला होता. इरण्णा ट्रक घेऊन दारावरून जात होता, त्याला उतरवून घेतला होता.

स्वामी त्याच भिंतीला टेकून होते.

“कोण?”

“मन्मथ. कोऱ्यांचा.”

“हं.”

त्यांनी ओळखलं की नाही, ते त्याला कळलं नाही. तो विहिरीचं सगळं बोलला. काशव्वाचंही बोलला.

“मी घसा फोडून सांगितलं, स्वामी. कुणी मानत नाही. दोष तिचाच राहिला.”

आत चन्नवीर भांडी घासत होता.

“ती कुठाय?” स्वामींनी विचारलं.

“माहेरी धाडलीय. चार दिवस झोपू दे म्हटलं.”

“झोपते?”

“कसली झोपते!” मन्मथ वैतागून म्हणाला. “सारखा फोन. गोळी दिली का? गुळातच दिली का? खरंच दिली का? अव्वाला फोन द्या म्हणते. आणि अव्वा तिला सांगते, की हा माणूस मला उपाशी ठेवतो…”

“मग?”

“मग काय! मी म्हणतो, अगं जेवली, मी भरवलं. ती गप्प बसते. काल तिने काशव्वाला फोन केला, घरात डोकावून बघा म्हणाली. आणि काशव्वा आली की हो स्वामी, चुलीवरची भांडी उघडून बघायला!”

त्याचा आवाज चढला होता. तो थांबला.

“तिचा माझ्यावर भरवसाच नाही, स्वामी.”

स्वामींनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं… आणि हसले.

“मग झालास की घरचा.”