वस्तादांच्या उजव्या हाताला

“आणि गेलो, आणि तिथं जमलंच नाही तर?”

वस्ताद तालमीच्या मैदानावर गोलची जाळी शिवत होते. रविवारच्या मॅचमध्ये कुणाच्या तरी बुटात अडकून ती खालून फाटली होती. नायलॉनची दोरी दातांतून सोडवत ते म्हणाले, “तर परत यायचं.”

“परत आल्यावर कॉलेज? वर्ष गेलेलं असणार.”

“मग जाऊ नको.”

“नाही गेलो आणि इथंच गुडघा गेला तर? मग मला कोण विचारणार?”

“मग जा.”

धैर्यशील मोरबाळेनं कपाळाला हात लावला. आईबापांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं होतं, पण गेले चार दिवस या पोराच्या अंगात नावापुरतंही धैर्य उरलं नव्हतं. जेवण जात नव्हतं. डोळा लागला की दचकून जाग यायची.

गोष्ट तशी आनंदाचीच होती. धैर्यशील बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि कॉलेजच्या आणि पेठेतल्या तालमीच्याही संघाचा स्ट्रायकर होता. विद्यापीठ स्पर्धेतला त्याचा खेळ बघून गोव्यातल्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला तीन वर्षांचा करार पाठवला होता. अट एकच, की लगेच यायचं. परीक्षा, डिग्री वगैरे नंतर बघू. आज संध्याकाळी पाचपर्यंत सही करून कागद पाठवायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या पोराला बोलावणार.

आता अकरा वाजून गेले होते. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यानं छातीशी धरला होता.

कोल्हापुरात फुटबॉलवर मत नसलेला माणूस हवा असेल तर बाहेरगावचा पाहुणाच गाठावा लागतो. त्यामुळं धैर्यशीलला सल्ल्यांची काही कमी पडली नव्हती. वडील म्हणाले, जा. आई म्हणाली, आधी पदवी घे, मग कुठं तडमडायचं तिथं तडमड. कॉलेजचे सर म्हणाले, विचार करून ठरव. सलूनवाल्यानं तर अर्धी दाढी तशीच ठेवून तासभर त्याला समजावलं. आणि प्रत्येकाचं त्याला पटलं. हीच खरी पंचाईत होती.

शेवटचे उरले ते दौलू वस्ताद. पेठेतल्या तालमीत कुस्तीही त्यांचीच आणि फुटबॉलही त्यांचाच. वय एक्काहत्तर. तरुणपणी तालमीचे गोलकीपर. तालमीचा खेळाडू दुसऱ्या संघात जाणार असेल, तर वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर लाल माती त्याच्या कपाळाला लावायची आणि मगच त्यानं परका शर्ट अंगात घालायचा, असा रिवाज होता. धैर्यशील त्यासाठीच आला होता. निदान घरी तरी त्यानं तसं सांगितलं होतं.

“वस्ताद, थट्टा करू नका.”

“मी कुठं थट्टा करालोय? माती पाहिजे काय? चल, आत्ता लावतो.”

“म्हणजे... जाऊ म्हणता?”

“माती लावतो म्हटलं. जा कुठं म्हटलं?”

“म्हणजे थांबू?”

वस्तादांनी गाठ आवळली, दोरी तोडली आणि पुढच्या भोकाकडं सरकले.

धैर्यशीलनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. “तुम्हालाही मुंबईच्या संघाचं बोलावणं आलं होतं म्हणे.”

“आलं हुतं.”

“मग?”

“न्हाई गेलो.”

“पस्तावा होतो?”

“रोज.”

धैर्यशीलचे डोळे लकाकले. मिळालं उत्तर! “म्हणजे जायला पाहिजे होतं तुम्ही. गेला असता तर...”

“तर बी झाला असता की. रोज.”

...

धैर्यशीलनं फोल्डर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“वस्ताद, माझ्याआधी दोघांना असंच बोलावणं आलं होतं. तुम्हाला ठाऊक आहेत. विक्रांतदादा दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून गेला आणि दीड वर्षात घरी आला. आता विचारलं तर फुटबॉलचं नाव काढत नाही. अमरदादा थांबला, पदवी घेऊन जातो म्हणाला, आणि शेवटच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात त्याचा गुडघा गेला. एक गेला म्हणून चुकला, एक थांबला म्हणून चुकला. मी काय करायचं?”

बोलता बोलता त्याचा आवाज चिरका झाला. त्याचं त्यालाच शरमल्यासारखं झालं.

वस्तादांनी वर बघितलं.

मग गुडघ्यावर हात टेकत उठले. “बॉल घे.”

“आत्ता?”

“पेनल्टी मार. मी हुबा ऱ्हातो गोलात.”

तालमीची पेनल्टी गेली दोन वर्षं धैर्यशीलच मारत होता आणि त्याची एकही फुकट गेली नव्हती. समोर कोण, तर एक्काहत्तर वर्षांचा म्हातारा, पायात चप्पल. धैर्यशीलला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच आलं.

त्यानं फोल्डर आणि खांद्यावरची पिशवी खांबाशी ठेवली आणि बॉल ठिपक्यावर लावला.

“ऐक,” वस्ताद म्हणाले. “मी उजवीकडं जाणार. माझ्या उजवीकडं. तुझ्या डाव्या हाताला.”

“सांगून?”

“सांगून.”

धैर्यशील चार पावलं मागं गेला. सांगतात उजवीकडं, म्हणजे जाणार डावीकडं. म्हातारा बेरकी आहे. कितीतरी स्ट्रायकरांना त्यानं असंच गंडवलं असेल. त्यानं बॉल वस्तादांच्या उजवीकडं मारला.

वस्ताद उजवीकडंच आले होते. तीन पावलं आरामात टाकून आले आणि बॉल पोटाशी धरून उभे राहिले.

“हळू मारला मी,” धैर्यशील घाईघाईनं म्हणाला. “तुम्हाला लागंल म्हणून.”

“मग जिथं मी न्हाई तिथं मारायचास.”

बॉल परत आला.

“आता बी उजवीकडंच,” वस्ताद म्हणाले.

एकदा खरं बोलले, म्हणजे आता नक्की फसवणार. का आपण असा विचार करणार हे ओळखून पुन्हा खरंच बोलतायत? धैर्यशील धावला. पहिल्या दोन पावलांना त्याच्या मनात एक कोपरा होता, शेवटच्या पावलाला दुसरा. बॉल खांबाच्या हातभर बाहेरून गेला आणि तालमीच्या भिंतीवर आदळला.

वस्ताद उजव्या खांबापाशी उभे होते.

“आण बॉल.”

तो घेऊन आला. आता त्याला हसू येत नव्हतं. कान तापले होते. खांबाशी ठेवलेल्या पिशवीत फोन वाजायला लागला. क्लबच्या माणसाचाच असणार. वाजून वाजून तो बंद पडला.

“उजवीकडं,” वस्ताद म्हणाले.

“देवाशप्पथ?”

वस्तादांनी ‘मार’ म्हणून हात हलवला.

धैर्यशीलनं डोळे मिटून बॉल हाणला. तो गोलच्या आडव्या दांडीवरून उंच गेला आणि मागच्या गल्लीत कुठंतरी पडला. कुणीतरी बाई तिकडून ओरडली.

धैर्यशील धावत जाऊन बॉल घेऊन आला, तेव्हा वस्ताद उजव्या खांबाला टेकून उभे होते. उरलेला सगळा गोल मोकळा पडला होता.

“मी खोटं बोललो काय?”

“नाही.”

“किती डाव खरं सांगितलं?”

“तीनदा.”

“मग आता चौथ्यांदा काय सांगू? जा म्हणून सांगू, का ऱ्हा म्हणून सांगू?”

...

धैर्यशील मटकन खाली बसला. बॉल मांडीत घेऊन त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला.

“भ्या वाटतंय, वस्ताद,” तो शेवटी म्हणाला. कॉलेजातली भाषा गळून पडली होती. “लई भ्या वाटतंय. एकदा सही केली की झालं, आणि न्हाई केली तरी झालंच. तुम्ही एक शब्द सांगितला असता तर निदान...”

“निदान काय?”

“काय न्हाई.”

“बोल की.”

“निदान चुकलं असतं तर...” त्यानं मान खाली घातली. “तर तुमचं चुकलं असतं.”

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार. याच माणसानं त्याला नवव्या वर्षी पहिले बूट आणून दिले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

वस्ताद रागावले नाहीत. हसलेही नाहीत. नुसती मान हलवली. एखादा हिशेब जुळावा तशी नव्हे, तर बऱ्याच दिवसांचं दुखणं डॉक्टरला एकदाचं सापडावं तशी.

मग ते गोलातून बाहेर आले. चालत चालत मैदानाच्या कडेला कट्ट्यापर्यंत गेले, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बसले.

“लाव बॉल,” तिथूनच म्हणाले.

धैर्यशील उठला. डोळे बाहीला पुसले. बॉल ठिपक्यावर लावला. चार पावलं मागं गेला.

समोर गोल होता. दोन खांब, एक दांडी, नुकतीच शिवलेली जाळी. मध्ये कुणी नाही. इतका मोठा गोल त्यानं जन्मात बघितला नव्हता. डावीकडं मारला तरी गोल, उजवीकडं मारला तरी गोल. आणि तरी त्याचे पाय जागचे हलेनात.

पिशवीतला फोन पुन्हा वाजायला लागला.

धैर्यशीलनं हळूच मान वळवली आणि कट्ट्याकडं बघितलं.

वस्ताद म्हणाले, “माझ्याकडं काय बघालैस, मर्दा? गोल तिकडं हाय.”