बिनमुहूर्ताची गाडी

एका गावात एक हलवाई होता. त्याच्या हाताला चव होती, जिभेवर साखर होती, पण पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. सकाळी त्याच्या कानावर आलेलं दुपारपर्यंत गावभर व्हायचं.

या हलवायाला गाडी घ्यायची होती. पेढ्यांचे डबे सायकलला बांधून आठवडी बाजार करता करता त्याची नऊ वर्षं गेली होती. आता पैसे साठले होते आणि नवराबायकोचं ठरलंही होतं. गाडी मनातल्या आकड्यात मिळाली, तर उरलेल्या चाळीस हजारांत गॅसची मोठी भट्टी घ्यायची. लाकडाच्या भट्टीच्या धुराने बायकोचा खोकला महिनोन्‌महिने हटत नव्हता. वैद्यबुवांनी हात टेकले होते. म्हणाले, "औषध पुरे झालं. आता धूर थांबवा."

तयारी तर दोघांनी अशी केली, की लग्नाचीही कुणी करत नसेल. तालुक्याला गाड्यांची तीन दुकानं. तिन्हीकडे गेले, तिन्हीकडच्या गाड्यांत बसून पाहिलं, तिन्हीकडे फुकटचा चहा प्यायले. कुठला खर्च करावाच लागतो आणि कुठला नुसता गळ्यात मारतात, हे जीपवाल्या मेहुण्याकडून समजून घेतलं. त्याच्याच जीपवर हलवाई गाडी चालवायलाही शिकला. घासाघीस करता करता मधल्या दुकानाचा शेठ त्यांच्या आकड्याला तोंडी 'बरं' म्हणाला, आणि हलवाई इतका हरखला, की झोपेतसुद्धा ब्रेक दाबायला लागला. सगळी खाट हलायची.

"अहो, आपल्याजवळ किती आहेत ते कुणाला कळता कामा नये," बायकोने बजावलं.

"अगं, मी काय खुळा आहे?"

आणि खरंच, आकडा त्याने मेला तरी सांगितला नसता. पण दिवस सांगायला कुठे बंदी होती? "पाडव्याला गाडी येतेय बरं का!" येणाऱ्याला सांगितलं, जाणाऱ्याला सांगितलं. बँडवाल्याला सुपारी दिली. वर शेठलाही कळवलं, "वेशीपाशी बँड उभा राहणार आहे, गाडी धुऊन ठेवा!"

पाडवा उजाडला. गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठींसाठी हलवायाच्या दुकानात झुंबड उडाली. एक जण आंघोळीच्या ओल्या केसांनीच धावत आला. "काल तर याच गाठी निम्म्या भावात होत्या!"

"काल पाडवा नव्हता," हलवाई हसत म्हणाला.

बिचाऱ्याने मुकाट पैसे दिले. बिनगाठीची गुढी कशी उभारणार?

गुढ्या उभ्या राहिल्या, गाठींचा धंदा आटोपला. हलवायाने नवे कपडे चढवले. झेंडूचा हार, नारळ आणि पाच किलो पेढे घेऊन नवराबायको मेहुण्याच्या जीपमधून दुकानात पोचले. समोर पांढरीशुभ्र गाडी उभी. हलवायाला धीर धरवेना.

"शेठ, चावी द्या!"

शेठने हाराकडे पाहिलं, पेढ्यांच्या खोक्यांकडे पाहिलं आणि निवांतपणे चहा मागवला. "देतो की. फक्त चाळीस हजार वर पडतील."

"अहो, पण आपलं ठरलं होतं!"

"तेव्हा पाडवा नव्हता," शेठ हसत म्हणाला.

हलवायाने बोटांवर हिशेब केला. बरोब्बर भट्टीचे पैसे! पण तिकडे वेशीवर बँड उभा, गाव गोळा झालेलं. त्याचा हात पैशांच्या पिशवीकडे गेला.

"घ्या तुम्ही," बायको पदरात खोकला दाबत म्हणाली. "इतकी हौस आहे तुम्हाला. भट्टीचं पुढच्या वर्षी बघू."

हलवायाला लाज वाटली. त्याने मान वर केली, तर शेठ अजून हसतच होता. ते हसू त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. सकाळी गल्ल्यावर बसून तो स्वतः तसाच हसला होता! आणि मग त्याला पुढचंही सुचलं. पाडवा उलटला, की गाठींना कुत्रं विचारत नाही. उरलेल्या गाठी वितळवून पाक करावा लागतो. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात गाड्यांची ही मोठी रांग लागली होती.

तो उठला. "शेठ, सणाचा पेढा घ्या. येतो आम्ही."

"अहो, साडेतीन मुहूर्तांतला दिवस! हात हलवत जाणार?"

"जातो," हलवाई म्हणाला.

वेशीवर जीप दिसताच बँड सुरू झाला आणि मागे गाडी नाही म्हटल्यावर मध्येच थांबला. "गाडी कुठाय?" सगळे एका सुरात.

"ठरल्या भावात देईना. नाही आणली."

मग काय, गावाला फुकटची करमणूक! "हलवाई, आता कढईत बसून फिरा!" हलवायाचे कान तापले, पण तोही हसला. हार त्याने ढोलाला घातला आणि पेढे तिथेच वाटून टाकले. उगाच शिळे कशाला करायचे?

तिसऱ्या दिवशी दोघं रोजच्या कपड्यांत, एसटीने पुन्हा दुकानात गेले. हार नाही, नारळ नाही. दुकानात चिटपाखरू नव्हतं. शेठ स्वतः उठून पुढे आला.

"या, या! तुमच्यासाठी निम्मं सोडतो. वीसच हजार वर द्या."

हलवाई गप्प बसला. हो, आपला हलवाई! जन्मात पहिल्यांदा त्याच्या पोटात काहीतरी राहिलं.

शेठ पंधरावर आला, दहावर आला. शेवटी बायको उठली. "चला हो, पलीकडच्या दुकानात जाऊ. तिथला भावही आपल्याला पाठ आहे."

दोघं दारापर्यंत पोचले असतील नसतील, तोच मागून हाक आली, "बसा हो वहिनी! तुमचाच आकडा, झालं?"

चावी हातात पडली तेव्हा हलवायाला नाचावंसं वाटत होतं. पण त्याने गाडी घराकडे न वळवता थेट भांड्यांच्या पेठेत घातली. भट्टी मागच्या सीटवर चढवली, दोराने घट्ट बांधली आणि मग मात्र हॉर्न वाजवत निघाला, तो वेशीपर्यंत त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. पोरं मागे धावली, माणसं दारात आली.

"अरे, आज कसला रे मुहूर्त?" पारावरच्या आजोबांनी ओरडून विचारलं.

हलवाई तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने काच खाली केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भट्टी पेटवायचा, आजोबा! संध्याकाळी बासुंदी प्यायला या!"

तात्पर्य काय, तर नुसता आकडा झाकून भागत नाही. घाई उघडी पडली, की समोरचा तिचीच किंमत लावतो. म्हणून भाव करायला जाताना हार घरी ठेवावा आणि वेळ पडली तर रिकाम्या हाताने परत यायची तयारी बरोबर न्यावी.