उंच खिडकी आणि साळुंकी

इंग्रजांच्या राज्यात एका गावात दगडी शाळा बांधली होती. पुढे मुलं नव्या इमारतीत गेली आणि जुन्या शाळेत कचेरी आली. तिथल्या उंच खिडकीत एका साळुंकीने घरटं केलं.

एक दिवस साळुंकीने विचारलं, "खिडकीताई, तुला इतकं वर का बसवलंय गं? खालून कुणाला रस्तासुद्धा दिसत नाही."

"म्हणूनच तर," खिडकी म्हणाली. "पोरांना उजेड मिळावा, पण त्यांचं लक्ष बाहेर जाऊ नये, असं साहेबाने गवंड्याला सांगितलं होतं. माझ्याकडे कुणी बघावं म्हणून मला केलेलंच नाही."

त्याच आठवड्यात रफीकभाई सुतार आले. कचेरीत एसी बसवायचा होता, म्हणून खिडकीच्या खालून नवं छत ठोकायचं ठरलं होतं; मग खिडकी त्याच्या वर झाकली जाणार होती. साळुंकी घाबरून पिल्लांभोवती ओरडत फिरू लागली. तेव्हा कचेरीच्या मुख्य केळसकरबाईंनी मान वर केली.

"रफीकभाई, पिल्लं उडू देत. मग या."

पिल्लं उडायला तीन आठवडे लागले. रोज कुणी ना कुणी त्यांना बघायला मान वर करायचं, आणि पिल्लांमागचे ढगही बघत राहायचं.

रफीकभाई परत आले. "आता ठोकू ना, बाई?"

सगळ्यांनी वर पाहिलं. घरटं रिकामं होतं. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "नको. आम्ही पंख्यावर भागवू."

खिडकीला नवल वाटलं. "पिल्लं तर गेली. मग ही माणसं एवढा वेळ काय बघत होती?"

"तुलाच," साळुंकी म्हणाली.