हत्तीशाळेच्या दारातली हाळी

फार पूर्वी शोणनगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माहुतांच्या कुळात जन्मला आणि वयात आल्यावर राजाच्या हत्तीशाळेत मुख्य माहूत झाला. त्याचे नाव सोमदत्त. त्या हत्तीशाळेची एक जुनी रीत होती. रोज सकाळी हत्ती बाहेर काढण्याआधी माहुताने दारात उभे राहून एकेका हत्तीच्या मनाची हाळी द्यायची. "मेघा आज रुसली आहे! कज्जल रागात आहे! भद्रा खुशीत आहे!" रस्त्यावरची माणसे ऐकत आणि त्या बेताने वाट सोडत. तीन पिढ्यांत एकही माणूस हत्तीच्या पायाखाली गेला नव्हता.

राजवाड्यात मात्र अशी हाळी देणारे कोणी नव्हते. राजाची एकुलती मुलगी पाटला पाच वर्षांची होत आली होती. आदल्या वर्षी तिची आई वारली, आणि तेव्हापासून पोर चावायची, भांडी भिरकवायची, जमिनीवर पडून टाचा घासायची. तिला सांभाळी ती सुलसा नावाची म्हातारी दाई. सुलसाकडे सगळ्या रडण्यावर एकच औषध, गुळाचा खडा. तो पदराच्या गाठीत कायम बांधलेला. लेकराने तोंड उघडले की खडा आत. "या हातांनी खुद्द राजालासुद्धा लहानपणी गप्प केलंय," असे ती ऐटीत सांगे.

त्या नगरीत आणखीही एक रीत होती. सहावे वर्ष लागले की राजाच्या अपत्याने मंगल हत्तिणीच्या मानेवर एकट्याने बसून वेशीपासून नदीपर्यंत जायचे. वाटेत मूल रडले तर तो अपशकुन, आणि त्या मुलाला बारा वर्षे दूर डोंगरातल्या गढीत ठेवायचे. मोठ्यांना रडणे सोसत नाही म्हणून लेकराला देशोधडीला लावायचे, अशी ती अक्कल! सोहळ्याला एक महिना उरला होता. सुलसाला अन्न गोड लागेना. तिच्या मांडीवरचे लेकरू दूर जाणार होते.

राजाने सोमदत्ताला बोलावले. "तू मत्त हत्ती ताळ्यावर आणतोस. पोरीला गप्प कर. गजाध्यक्षाचे पद तुझे."

सोमदत्त म्हणाला, "महाराज, गप्प करणे मला येत नाही. गप्प केलेला हत्ती एक दिवस माहुतालाच तुडवतो. तिचे तिला ओळखू यावे, एवढे शिकवीन. पद राहू द्या."

खांबाआडून सुलसा फणकारली, "हत्तीचं शेण काढणाऱ्याला लेकरातलं काय कळतं?"

"काही नाही, माय," तो हसून म्हणाला. "म्हणून तर लेकरालाच विचारणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून राजाच्या हुकमाने सुलसा पाटलाला घेऊन हत्तीशाळेत जाऊ लागली. पहिल्याच सकाळी पोरीने हाळी ऐकली आणि विचारले, "माझी का नाही दिली?"

"तुझं मन मला कसं दिसणार? हत्तीचं दिसतं. घाबरला की कान थबकतात, सोंडेचं टोक तोंडात जातं. तुला राग आला की आधी कुठे येतो?"

पाटलाने विचार केला. "कानात. कान तापतात. मग मुठीत. मग दातात."

"मग दातात पोचण्याआधी हाळी दे."

पोर दारात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, "पाटला रागावली आहे!" रस्त्यावरचे लोक रीतीप्रमाणे बाजूला झाले. तिला त्याची भारी मौज वाटली. सोमदत्ताने तिला चाऱ्याच्या ढिगावर नेले. "मेघा रागावली की आम्ही तिला मारत नाही आणि मोकाटही सोडत नाही. तुडवायला देतो आणि शेजारी उभे राहतो." पाटलाने दमेपर्यंत चारा तुडवला.

सगळे एका दिवसात झाले नाही. आठव्या दिवशी ती सोमदत्तालाच कडकडून चावली. त्याने हात धुतला आणि म्हणाला, "आज हाळीला उशीर झाला. उद्या लवकर देऊ."

विसाव्या दिवशी पाटला दारात उभी राहिली. "पाटला रागावली..." ती थांबली. "नाही. कान तापले नाहीत. गळ्यात काहीतरी अडकलंय." मग बारीक आवाजात म्हणाली, "पाटलाला आई हवी आहे."

सुलसाचा हात सवयीने पदराच्या गाठीशी गेला. म्हातारीच्या मनात आले, वर्षभर आपण या गळ्यातला हुंदका गुळाने बुजवत आलो. तिने हात मागे घेतला, पोरीला पोटाशी धरले आणि म्हणाली, "मलाही हवी आहे गं तुझी आई." दोघी रडल्या. मग पोर आपणहून उठली आणि हत्तींना पाणी घालायला गेली.

सोहळ्याचा दिवस उजाडला. पाटला मंगल हत्तीण भद्राच्या मानेवर बसली. वेशीपाशी शंभर नगारे एकदम वाजले. भद्राने एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. सोमदत्त रीतीप्रमाणे शंभर पावले मागे होता. गर्दीत घुसमटलेल्या सुलसाने पाहिले: हत्तिणीचे कान थबकले, सोंडेचे टोक तोंडात गेले. आणखी एक थाप पडली असती तर ती गर्दीत घुसली असती.

मानेवरून हाळी आली. "भद्रा घाबरली आहे! पाटला घाबरली आहे! नगारे थांबवा!"

नगारे थांबले. त्या शांततेत सगळ्या नगरीने राजकन्येचे रडणे ऐकले. दोन्ही तळवे हत्तिणीच्या मानेवर ठेवून ती रडत होती आणि म्हणत होती, "मी इथेच आहे, भद्रा. शेजारीच आहे." हळूहळू हुंदके विरले. कान हलले, सोंड खाली आली. पाटलाने टाचेने इशारा केला आणि हत्तीण संथ पावलांनी थेट नदीत उतरली. मागोमाग सगळी गर्दी काठावर आली.

"अपशकुन!" पुरोहित ओरडला. "मूल रडले!"

सुलसाने पदर खोचला. "रडली म्हणून तुम्ही जिवंत आहात, भटजी! गप्प बसली असती तर आत्ता तुम्हाला गोळा करावं लागलं असतं!"

सगळे राजाकडे पाहू लागले. राजा पुढे आला, गुडघाभर पाण्यात उतरला. राणी गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. तो खड्या आवाजात म्हणाला, "दृढवर्मा दुःखी आहे. दृढवर्म्याला आपल्या मुलीचा अभिमान वाटतो आहे. गढी आजपासून बंद." आणि सगळ्यांदेखत रडला.

मग काठावरून एकामागून एक हाळ्या उठल्या. कोणी खुशीत होते, कोणी चिंतेत होते, कोणी पन्नास वर्षे भावावर रुसलेले होते. पाटलाने वरून विचारले, "सुलसामाय, आणि तू?"

म्हातारीने पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा भद्राच्या सोंडेत दिला आणि सगळ्या नगरीला ऐकू जाईल अशी ओरडली, "सुलसा आज फार खुशीत आहे!"

रडणाऱ्या नातवाला कोंडून ठेवून धर्मश्रवणाला आलेल्या एका उपासिकेला तथागतांनी ही कथा सांगितली आणि म्हणाले, "त्या वेळची सुलसा म्हणजे तूच. राजा दृढवर्मा म्हणजे तुझ्याशेजारी मान खाली घालून बसलेला तुझा मुलगा. पाटला म्हणजे भिक्षुणी विमलप्रभा, जिच्यापाशी आज रडती माणसे जातात. आणि माहूत सोमदत्त म्हणजे मी." उपासिका उठली आणि दार उघडायला घराकडे धावली. लेकराच्या मनाला न मारता, न मोकाट सोडता त्याच्या शेजारी उभे राहणे, हीच करुणेची पूर्णता.