एक्केचाळिसावी मुलाखत

"दोन शब्दांसाठी सही अडवायची, मॅडम?"

अभिराम गोसावी घड्याळाकडे बघत होता. पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होणार. त्याआधी एम.ए.चा लघुप्रबंध जमा झाला नाही, तर अख्खं वर्ष पाण्यात.

गडी हुशार, आणि ते त्याला पक्कं ठाऊक. संज्ञापनाच्या पदवीला सुवर्णपदक. वादात भल्याभल्यांची बोलती बंद करायचा. 'गावात वाईट बातमी कशी पोचते' या विषयावर त्याने चांगल्या नव्वद मुलाखती घेतल्या होत्या.

त्याच्या मार्गदर्शक बोराडे मॅडमनी त्या ऐकल्या होत्या. नव्वदच्या नव्वद, कानाला हेडफोन लावून. हे कळलं तेव्हा अभिराम मनातून हललाच. त्याने स्वतःही त्या पुन्हा ऐकल्या नव्हत्या.

मॅडमनी खुणेचं पान उघडलं.

"मुलाखत एक्केचाळीस. सोनाबाई. 'मुलगा गेल्याचं पहिल्यांदा कुणाला सांगितलंत?' पुढे तू लिहिलंयस, 'प्रतिसाद नाही'."

"नव्हताच. त्या मध्येच उठून गेल्या."

"हो, पावलं ऐकू येतात. मग रेकॉर्डर बंद होतो... कुठे गेल्या?"

"शेजारी. दारात जाऊन उभ्या राहिल्या नुसत्या."

"मग?"

"शेजारीण भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. त्यांना धरून उंबऱ्यावर बसली."

"काय बोलल्या दोघी?"

"एक अक्षर नाही. म्हणून तर मी..."

अभिराम थांबला.

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. अभिरामने पेन काढलं आणि ते दोन शब्द खोडले. वरच्या मोकळ्या जागेत लिहायला गेला, आणि पेन तिथेच राहिलं.

त्याला सोनाबाईंची पाठमोरी आकृती आठवली. त्या जात असताना आपण घाईघाईने रेकॉर्डर बंद केला होता, तेही आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले, तसं त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

पाचला सात कमी... पाचला पाच कमी...

मॅडमनी प्रबंध हळूच आपल्याकडे ओढला आणि सही केली.

"पण मॅडम," अभिराम चाचरला, "मी अजून काहीच सांगितलं नाही."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"पोचलं मला."