अस्वलाचा राग आणि सशाचा खड्डा

उंच डोंगरांच्या पलीकडे एका जंगलात अस्वलाचे एक पिल्लू राहत असे. हिवाळ्यात अस्वले झोपतात, असे तुम्हांला शाळेत शिकवले असेल आणि ते खरेही आहे. पण या अस्वलाला झोपायला वेळच नव्हता. थंडी पडली, की तिथले तळे गोठून टणक होई आणि त्यावर जंगलातल्या पिल्लांची आइस हॉकीची लीग सुरू होई. देवदाराच्या सालीची एक चकती, प्रत्येकाकडे एक वाकडी काठी आणि चकती समोरच्यांच्या गोलात ढकलायची, एवढाच खेळ. अस्वल आपल्या संघाचा गोल सांभाळी. ते उभे राहिले, की मागचा गोल दिसतच नसे. मग चकती जाणार कुठून?

अस्वल खेळात तरबेज होते, पण डोके भारी तापट. कोणी जरासा धक्का दिला, कोणी नुसते ‘जाड्या’ म्हटले, की त्याची काठी समोरच्याच्या पाठीत बसलीच म्हणून समजा. पंच होते एक म्हातारे घुबड. ते लगेच घुत्कार करी. ज्याची चूक झाली त्याने काठावरच्या बर्फाच्या खड्ड्यात जाऊन बसायचे आणि घुबडाचे अंक मोजून होईपर्यंत उठायचे नाही, अशी शिक्षा होती. घुबड मोजता मोजता चुके आणि पुन्हा एकपासून सुरू करी, त्यामुळे ही शिक्षा बरीच लांबे. पण गोलरक्षकाला कसे बसवणार? गोल रिकामा राहील! म्हणून त्याची शिक्षा त्याच्या संघातल्या दुसऱ्या कोणीतरी भोगायची, असा नियम होता. मी मनचे सांगत नाही हो. माणसांच्या आइस हॉकीतही असेच असते.

हा ‘दुसरा कोणीतरी’ म्हणजे दर वेळी ससा. संघाचा कप्तान होता कस्तुरीमृग. तो पहिल्याच सामन्यात म्हणाला, “सशा, तूच जा. तू सगळ्यांत लहान. तुझ्यावाचून आमचं फारसं अडणार नाही.” बिचारा ससा! उन्हाळाभर त्याने गवतावर काठी घेऊन सराव केला होता. या हिवाळ्यात एक तरी गोल करायचा, एवढीच त्याची इच्छा होती. पण तो तळ्यावर कमी आणि खड्ड्यातच जास्त दिसू लागला. त्याचे कान थंडीने ताठरून जात. एकदा तो अस्वलाला म्हणाला, “जरा राग आवर ना रे. तिथे फार गारठा असतो.” अस्वल हसले. “एवढ्या-तेवढ्याने काय होतंय? गोल वाचवतं कोण? मीच ना?” खड्ड्यात ते स्वतः कधीच बसले नव्हते, मग गारठा त्याला कसा कळावा?

ससा बाहेर बसला, की त्यांच्या संघात एक खेळाडू कमी पडे आणि समोरच्यांचे फावे. असे करता करता हिवाळा सरत आला आणि त्यांचा संघ पार तळाशी जाऊन पोहोचला. तिथे आणखी एक संघ होता, कोल्ह्यांचा. आता या दोघांचा शेवटचा सामना उरला होता. त्यात जो हरेल त्याला पुढच्या हिवाळ्यात तळ्यावर पाऊल ठेवता येणार नव्हते. नुसते काठावर बसून इतरांचा खेळ बघायचा! त्या विचाराने ससा आदल्या दिवशी धड जेवलासुद्धा नाही.

सामना रंगला. दोन्हीकडे सारखेच गोल झाले आणि खेळ संपत आला. तेव्हा एक कोल्हा आपल्या सोबत्यांना हळूच म्हणाला, “चकतीमागे कशाला पळता? अस्वलाला चिडवा. म्हणजे ससा बाहेर जाईल.” असे म्हणून तो चकती घेऊन थेट गोलापाशी गेला, त्याने अस्वलाचा कान ओढला आणि म्हणाला, “काय रे गाठोड्या, झोप येतेय का?”

झाले! अस्वलाचे डोळे लाल झाले. त्याने काठी डोक्यावर उगारली. कस्तुरीमृगाने डोळेच मिटून घेतले. इतक्यात अस्वलाची नजर कोल्ह्याच्या पलीकडे गेली. तिकडे ससा मान खाली घालून खड्ड्याकडे निघाला होता. घुबडाने अजून घुत्कार केला नव्हता. कोणी त्याला ‘जा’ही म्हटले नव्हते.

“अरे, तू कुठे निघालास?” अस्वलाने विचारले.

“खड्ड्यात,” ससा म्हणाला. “तू काठी उगारलीस ना.”

सशाच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. म्हणूनच ते बोलणे अस्वलाच्या फार जिव्हारी लागले. त्याची काठी हळूहळू खाली आली. कोल्हा अजून डोळे मिटून, पाठ वाकवून फटक्याची वाट बघत होता. त्याच्या पायाशी चकती तशीच पडली होती. अस्वलाने ती अलगद सशाकडे ढकलली आणि ते ओरडले, “मागे फिर! पळ!”

ससा असा सुटला, की बघणाऱ्यांना नुसते त्याचे कान दिसले. एवढ्यात घुबडाचा घुत्कार घुमला. तो ऐकताच ससा सवयीने पुन्हा खड्ड्याकडे वळला. “अरे वेड्या, तिकडे कुठे?” घुबड म्हणाले. “गोल झालाय तुझा!” सगळे तळे हसण्याने दणाणले. सशाला हसू आणि रडू एकदमच आले. थोड्याच वेळात सामना संपला आणि सशाच्या संघाचा जीव भांड्यात पडला. पुढच्या हिवाळ्यातही खेळायला मिळणार होते!

सगळे आनंदाने नाचत असताना अस्वल मात्र काठावर गेले आणि त्या खड्ड्यात जाऊन बसले. “बाप रे! सशा, इतकं गार?” ते कुडकुडत म्हणाले. “आता मोजा, पंचकाका. मी भरपूर शिक्षा थकवली आहे.” घुबड मोजू लागले, मध्येच चुकले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. तेव्हा ससा टुणकन उडी मारून त्याच्या शेजारी येऊन बसला. अस्वलाच्या केसाळ कुशीत त्या दिवशी त्याला मुळीच थंडी वाजली नाही.

तात्पर्य : आपल्या रागाची शिक्षा आपल्याऐवजी कोण भोगतो, ते एकदा डोळे उघडून बघावे; मग राग आवरणे जड जात नाही.